पाखरू उजळले नाही

पाखरू दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढे होते. करड्या लोकरी फेल्टचे अंग, पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी आणि दोन्ही पंखांवर चमकत्या पोलादी दोऱ्याने भरलेले एकेक बारीक पान. ते ओंजळीत धरले की एक पान डाव्या तळहाताला टेकावे, दुसरे उजव्या तळहाताला, आणि छातीत दडवलेला नारिंगी दिवा हळूहळू उजळून पुन्हा मंदावा, गाढ झोपलेल्या जिवाचा श्वास चालावा तसा, एवढेच त्याला येत होते. मी ते तीन आठवडे रोज रात्री थोडे थोडे करून पूर्ण केले होते आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कौतुकाने देत होते. शेजारच्या मुलांच्या हातात ते उजळले, माझ्या मैत्रिणींच्या हातात उजळले. मग एका संध्याकाळी मी ते आईच्या ओंजळीत ठेवले. आईने दोन्ही हात जवळ घेतले, मान थोडी वाकवली आणि वाट पाहिली. काहीच झाले नाही. तिने बोटे हलवून पाहिली, पाखरू जरा घट्ट धरले, पुन्हा सैल धरले. "झोपलंय वाटतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने ते टेबलावर अलगद ठेवले. मी गडबडून ते उचलले, काही सुटले आहे का ते पाहावे म्हणून, आणि माझ्या हातात ते तत्क्षणी उजळले.

"तुझं आहे ते. माझ्याशी नाही बोलायचं त्याला," आई म्हणाली आणि हसली.

ते हसू मला पुढे कित्येक दिवस पुरले. त्यात राग नव्हता, रुसवा तर नव्हताच. पण एका क्षणापुरती ती खरोखर नाकारली गेली होती आणि नाकारणारी वस्तू माझ्या हातची होती. काय झाले असावे ते मला त्याच घटकेला कळले होते. त्या पाखराची रचना अगदी साधी होती. तीन व्होल्टचा एक नाण्याएवढा सेल, आठ पायांचा एक लहानसा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी चिप, एक दिवा आणि दहा लाख ओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा भाग. एक पान त्या रेझिस्टरमार्गे सेलच्या धन टोकाशी आणि मायक्रोकंट्रोलरच्या एका पायाशी जोडलेले, दुसरे पान ऋण टोकाशी. मधली वाट मोकळी. ती वाट पाखरू धरणाऱ्या माणसाच्या शरीरातून पूर्ण होते: एका तळहातातून शिरलेला प्रवाह दंडातून, छातीतून दुसऱ्या तळहातात येतो. तो इतका क्षीण असतो, जेमतेम दोन-अडीच मायक्रोअँपिअर, की शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. या प्रवाहाला खरा अडथळा असतो तो त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थराचा. हात ओलसर असला तर हा अडथळा खूप कमी होतो. हात कोरडा आणि राठ असला तर तो कित्येक पटींनी वाढतो. वयाबरोबर घाम कमी येतो, त्वचा कोरडी पडते. आईच्या हातांनी तर जन्मभर कपडे धुतले, भांडी घासली आणि सुई चालवली. त्या हातांना मी ओळखत होते, लहानपणी ताप आला की कपाळावर फिरणारा तो खरखरीत स्पर्श मला अजूनही आठवतो. पण पाखरू करताना मला त्या हातांची आठवण झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून आकडे पाहिले. मायक्रोकंट्रोलर त्याच्या पायावरचे व्होल्टेज शून्य ते १०२३ या पट्टीवर मोजतो. पाखरू कोणीच धरलेले नसताना आकडा १०२३ च्या आसपास असतो, आणि मधली वाट जितकी सुकर, तितका तो खाली येतो. माझ्या हातात तो २४० पर्यंत उतरत होता. मी उंबरठा ४०० वर ठेवला होता: त्याच्याखाली आले तर माणूस आहे, त्याच्यावर असले तर कोणी नाही. आईच्या हातात आकडा ८५० च्या खाली कधी आलाच नाही. म्हणजे तिचा स्पर्श पोहोचतच नव्हता असे मुळीच नव्हते. तो येत होता, मोजला जात होता, आणि माझ्या प्रोग्रॅममधली एक ओळ त्याला "कोणी नाही" असे म्हणत होती. ४०० हा आकडा कुठून आला, तर एका रात्री मी स्वतःचेच हात पाचसहा वेळा लावून पाहिले आणि जरा सैल हाताने धरले तरी चालावे म्हणून २४० च्या वर भरपूर जागा सोडली. जगातले सगळे तळहात माझ्या तळहातासारखे असतील, असे मी न ठरवताच ठरवून टाकले होते.

एखादा साधा दिवा बटण दाबून लागला नाही तर माणूस म्हणतो, बिघडला. त्यात त्याला काही लागत नाही. पण कापसाने भरलेली, डोळे असलेली, ओंजळीत श्वास घेणारी वस्तू जेव्हा गप्प राहते, तेव्हा तिच्या गप्प राहण्याचाही अर्थ लावला जातो. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर आणि मारिअने झिमेल यांनी १९४४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पडद्यावर एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीच्या आत-बाहेर फिरताना दाखवले आणि पाहणाऱ्यांना काय दिसले ते लिहायला सांगितले. जवळजवळ सर्वांनी आकृत्यांविषयी न लिहिता माणसांविषयी लिहिले: मोठा दांडगाई करतो आहे, वर्तुळ घाबरले आहे, छोटा त्याला वाचवतो आहे. मग ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाची कासवे आठवतात. १९४८-४९ च्या सुमारास त्याने इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये तीन चाकांची दोन यांत्रिक कासवे बनवली आणि त्यांना एल्मर आणि एल्सी अशी नावे दिली. प्रत्येकात जुन्या रेडिओत असत तसे दोनच व्हॉल्व्ह, प्रकाश ओळखणारा एक डोळा आणि धक्का लागला की कळावा म्हणून कवचाला जोडलेला एक स्पर्शसंवेदक. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर ती प्रकाश शोधत हिंडत, अडथळा आला की वळसा घालत. प्रकाश दिसला की कासवाच्या डोक्यावरचा दिवा विझे, म्हणून आरशापुढे आलेले कासव स्वतःच्याच दिव्याच्या प्रतिबिंबाने लुकलुकत, थरथरत राही. ते पाहणाऱ्याला, हे स्वतःला ओळखते आहे की काय, असे वाटल्याशिवाय राहत नसे. मी माझ्या पाखरात नेमके हेच हवे म्हणून तर डोळे शिवले होते, दिव्याला श्वासाची लय दिली होती. उजळल्यावर लोकांना ते प्रेमळ वाटावे अशी माझी इच्छा होती आणि ती पूर्ण होत होती. न उजळल्यावर ते काय वाटेल, याचा विचार मी एकदाही केला नव्हता.

आईने मला शिवण शिकवले तेव्हा पहिला महिना तिने फक्त उलटी बाजू पाहिली.

मी रुमालाच्या कोपऱ्यात भरलेले फूल तिच्यापुढे धरायची आणि ती ते न पाहता रुमाल पालथा करायची. कुठे दोरा एका पाकळीवरून दुसरीवर आडवा ओढलेला दिसे, कुठे गाठीची शेपटी लोंबत असे, कुठे दोऱ्याचा गुंता. "पुढून सगळ्यांचंच छान दिसतं," ती म्हणायची आणि कात्रीच्या टोकाने माझे टाके उसवायची. मला तेव्हा फार राग यायचा. उलटी बाजू पाहणार कोण, असे मी एकदा विचारलेही होते. त्याचे उत्तर मला वीस-बावीस वर्षांनी मिळाले, जेव्हा मी पहिल्यांदा विद्युतवाहक दोऱ्याने सर्किट शिवले आणि सेल बसवताच तो गरम होऊ लागला. पुढून सारे नीट होते. मागे दोन गाठींच्या लोंबत्या शेपट्या एकमेकींना टेकल्या होत्या, आणि दिव्याकडे जाण्याऐवजी सगळा प्रवाह त्या दोन बारीक केसांतून धावत होता. साध्या भरतकामात उलट्या बाजूचा गबाळेपणा फक्त नजरेला खुपतो. इथे तो सर्किट शॉर्ट करतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक काम पुढून पाहण्याआधी पालथे करून पाहते, शेपट्या आखूड कापते, प्रत्येक गाठीवर गोंदाचा थेंब देते, आणि दोन वाटा जिथे एकमेकींवरून जाणार असतील तिथे मध्ये कापडाचा तुकडा शिवते. हे मला कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या धड्यात मिळालेले नाही.

पोलादी दोरा हा मोठा हट्टी जिन्नस आहे. पोलादाचे अतिशय बारीक तंतू पिळून तो केलेला असतो. सुती दोऱ्यासारखा तो कापडात निजत नाही, वळवला की परत उसळतो, गाठ मारली की हळूच सुटायला बघतो आणि नेढ्यात ओवताना त्याचे टोक पिंजारते. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा दोराही मिळतो, तो वागायला मऊ असतो, पण काळाबरोबर काळवंडतो आणि मग प्रवाहाला जड होत जातो. पोलादाचे तसे नाही. मात्र या दोऱ्यांना नेहमीचा डाख देता येत नाही: नायलॉन वितळते, आणि पोलादाला साधे सोल्डर धरत नाही. म्हणून इथे टाकाच सांधा होतो. दिव्याच्या पायाला पक्कडीने वळवून छोटी कडी करायची आणि त्या कडीतून दोरा तीन-चार वेळा घट्ट फिरवायचा. तो जितका आवळलेला, तितकी जोडणी भरवशाची. टाका सैल पडला की दिवा लुकलुकतो. विजेच्या कामात हाताचा ताण इतका थेट उमटतो, हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा झालेला आनंद आजही आठवतो. बोटांना वर्षानुवर्षे जे येत होते, ते अचानक एका दुसऱ्या विद्येतही उपयोगाचे ठरले होते.

लीआ ब्युकली या अमेरिकन संशोधिकेने शिवता येण्याजोगा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घडवला आणि २००७ मध्ये तो लिलीपॅड आर्डुइनो या नावाने बाजारात आला. तो फुलासारखा गोल आहे आणि त्याच्या कडेने पाकळ्यांसारखी भोके आहेत. तारा खोचण्याच्या पिना काढून तिथे सुई जाईल अशी भोके ठेवणे, एवढ्याच बदलाने या कामात कोण येऊ शकते ते बदलले. ज्या स्त्रियांना इलेक्ट्रॉनिक्सच्या बाकावर कधी कोणी बसवले नव्हते, त्या भरतकामाच्या दाराने आत आल्या. त्याच्याही आधी, गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये एका जाकिटावर पोलादी दोऱ्याने आकड्यांच्या कळा भरल्या होत्या आणि त्या कळांना बोट लावले की संगीत वाजे. पण मला सर्वांत जवळची वाटते ती अपोलो यानांच्या संगणकाची गोष्ट. चंद्रावर जाणाऱ्या त्या संगणकाची कायमची स्मृती हाताने विणलेली होती. बारीक चुंबकी कड्यांच्या रांगा आणि त्यांतून ओवलेली तार: तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अशा एक-शून्यांचे ३६,८६४ गट, ज्यांना संगणकाचे शब्द म्हणतात, स्त्रिया कारखान्यात बसून ओवत होत्या. मी हे आईला सांगितले तेव्हा ती हातातले काम थांबवून ऐकत होती. "आणि एक ओवायचं चुकलं तर?" तिने विचारले. चूक शोधणे आणि दुरुस्त करणे फार कष्टाचे होते, असे मी म्हटले. तिने मान हलवली, जणू त्या बायकांपैकी एखादी तिच्या ओळखीची होती.

तर, पाखरू दुरुस्त करायचे होते. पहिला उपाय कोणालाही सुचेल तो: उंबरठा ४०० वरून उचलून ९०० वर ठेवायचा. मी तो करून पाहिला आणि पाखरू नुसतेच ठेवलेले असताना उजळू लागले. हवा दमट झाली, खालचे कापड किंचित ओलसर असले की त्याला कोणीतरी धरल्यासारखे वाटे. इतक्या मोठ्या रेझिस्टरवर भिंतीतल्या विजेच्या तारांची गुणगुणही ऐकू येते, आणि आकडा उगाच खालीवर होत राहतो. रिकाम्या खोलीत, कोणी नसताना, टेबलावर श्वास घेणारे ते पाखरू पाहून मला फार अस्वस्थ वाटले. जे सर्वांनाच, अगदी ओल्या फडक्यालाही, माणूस समजते, त्याच्या ओळखीला काही किंमत उरत नाही. मी ते पुन्हा उसवले.

मग ध्यानात आले की मुळात एकच ठरलेला उंबरठा ठेवणे हीच चूक होती. त्याऐवजी पाखराने स्वतःच्या आसपासच्या शांततेची सवय करून घ्यावी आणि त्या शांततेत काय बदलले एवढेच पाहावे. म्हणजे एकेक आकडा न मानता सोळा आकड्यांची सरासरी घ्यायची, गुणगुण त्यात मावळते. या सरासरीची आणखी एक, अगदी सावकाश बदलणारी सरासरी लक्षात ठेवायची. ती म्हणजे आजची हवा, आजचा दमटपणा, आजचे रिकामेपण. आत्ताचा आकडा या रिकामेपणापासून झटकन साठएक अंकांनी खाली घसरला तर कोणीतरी आले आहे असे समजायचे, आणि ते हात जाईपर्यंत त्या सवयीला आहे तिथेच थोपवून धरायचे, नाहीतर पाखराला हातांचीही सवय होऊन जाईल आणि ते धरलेले असतानाच विझेल. हे सगळे लिहायला वीस ओळीही लागल्या नाहीत. पण त्यानंतर मी एक गोष्ट केली जी मला दुसऱ्या दिवशी मोडावी लागली. मला वाटले, आकडा जितका घसरेल तितका दिवा प्रखर करावा, म्हणजे पाखरू अधिक जिवंत वाटेल. तसे केले आणि आईच्या हातांचा आकडा हाताने घालून पाहिला. दिवा अगदी मिणमिणता लागला. म्हणजे आधी जे नाकारणे होते, त्याची आता कुचराई झाली होती. ज्याचे हात कोरडे त्याला थोडेसेच प्रेम. हे मी कसे लिहून बसले होते, याचे मला वाईट वाटले. शेवटी असे ठरवले की कोणी आले आहे हे एकदा कळल्यावर त्या व्यक्तीचा स्पर्श जास्तीत जास्त जितका खोल गेला असेल, तितके तिचे पूर्ण माप. मग आकडा ८५० असो की २४०, छातीतला दिवा सारखाच भरून येईल.

प्रोग्रॅमने हे निभावले तरी पाने फारच बारीक होती. मी ती दिसायला नाजूक असावीत म्हणून धावदोऱ्याने केवळ शिरा काढल्या होत्या. तळहाताला टेकणारा दोरा मुळातच थोडा होता. स्पर्शाची जागा वाढली की अडथळा कमी होतो. ती पाने भरीव करायला हवी होती, आणि भरीव टाका माझ्या हाताला आईसारखा कधीच बसला नाही. मी पाखरू घेऊन तिच्याकडे गेले आणि खरे ते सांगितले. मी म्हटले, "आई, त्यात माझी चूक होती. मी त्याला फक्त माझे हात शिकवले होते." तिने पाखरू पालथे करून, पोटाची शिवण उकलून आतली बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली. मग एकेक वाटेचा बोटाने माग काढत गेली: ही कुठे जाते, ही कुठे, ही दोन्ही एकमेकींना का लागू द्यायची नाहीत, आणि माणूस धरतो तेव्हा नक्की काय होते. मी सांगत गेले. स्वतःच्या अंगातून वीज जाणार हे ऐकून तिने जरा थबकून माझ्याकडे पाहिले. मी तिला ती किती थोडी असते ते सांगितले. तिने चष्मा पुसला आणि सुई मागितली.

पहिलाच दोरा तिने सवयीने मेणावरून ओढला. तिचा दोरा कधी पिंजारत नाही त्याचे कारण हे मेण आहे. पण मेणातून वीज वाहत नाही. मी सांगेपर्यंत तिचे अर्धे पान झाले होते, आणि मेणाच्या पातळ थरामुळे ते नीट लागेल याचा भरवसा राहिला नव्हता. मला ते बोलायला जड गेले. आईने मात्र काही न बोलता कात्री उचलली आणि मला लहानपणी उसवून द्यायची तितक्याच शांतपणे स्वतःचे टाके उसवले. नंतर तिने दोऱ्याचे टोक किंचित ओले केले, आखूड आखूड लांबीच घेतली आणि दर चार टाक्यांनी दोरा खालून दाबून धरून पुढे गेली. "हा दोरा ऐकत नाही, याला वाट बघायला लावायचं नाही," ती म्हणाली. दोन्ही पाने व्हायला दोन दुपारी लागल्या. मी तिच्याजवळ बसून मायक्रोकंट्रोलरची जोडणी पक्की करत होते आणि मध्ये मध्ये विजेचा अडथळा मोजणाऱ्या मल्टिमीटरची टोके तिच्या पानाच्या दोन कडांना लावून पाहत होते. आकडा इतका स्थिर होता की मी मीटर दोनदा तपासला. एका टाक्याला दुसरा टाका इतका लगटून होता की जणू विणलेली पत्र्याची पट्टीच असावी.

त्या दोन दुपारींत मी दिव्याच्या श्वासावरही पुन्हा काम केले. दिव्याची प्रखरता शून्य ते २५५ अशी ठरवता येते, आणि ती एकेक अंकाने सारख्या वेगात वाढवली तर दिवा सारखा वाढताना दिसतच नाही. डोळ्याला मंद प्रकाशातला फरक फार जाणवतो आणि प्रखरातला थोडा, त्यामुळे दिवा सुरुवातीला एकदम झेपावल्यासारखा वाटतो आणि नंतर बराच वेळ जागच्या जागी. तो खरोखर हळूहळू उजळल्यासारखा दिसायला आकडे सुरुवातीला अगदी सावकाश आणि पुढे वेगाने वाढवावे लागतात. विश्रांती घेणारे मोठे माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेते. माझे पाखरू पहिल्यापासून मिनिटाला वीस श्वास घेत होते. आई टाके घालत होती तेव्हा मी मनातल्या मनात तिचा श्वास मोजला, चौदा भरला, आणि पाखराचाही चौदा केला. श्वास बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा थोडा अधिक वेळ दिला, आणि सोडून झाल्यावर एक लहानसा विसावा, ज्यात दिवा पूर्ण विझलेला असतो. हा विसावा ठेवावा की नाही याचा मला बराच वेळ निर्णय होईना. विझलेल्या त्या क्षणात पुन्हा तीच भीती होती. पण तो काढून पाहिला तर पाखरू धापा टाकल्यासारखे वाटले, म्हणून ठेवला.

पोटाची शिवण आईनेच घातली, सेलच्या खिशासकट. तो खिसा नेहमी शिवूनच बंद करावा असा माझा नियम आहे, कारण हे नाण्याएवढे सेल लहान मुलाने गिळले तर जिवावर बेतू शकते. मग तिने सुई ठेवली, हात पदराला पुसले आणि पाखरू ओंजळीत घेतले. एक क्षण काहीच झाले नाही. पाखरू रिकामेपण आणि हात यांतला फरक करत होते. त्या क्षणी माझा स्वतःचा श्वास थांबला होता. नंतर छातीच्या करड्या कापडामागे नारिंगी उजेड धरू लागला, भरला, हळूहळू ओसरला, विझला, आणि पुन्हा धरला. आई काही बोलली नाही. तिने अंगठ्याने पाखराच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

मला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ एक शंकाही आली. पाखराला ती आधीही आवडत नव्हती आणि आताही आवडत नाही. आवडणे-नावडणे त्याच्यात नाहीच. मी प्रोग्रॅमच्या काही ओळी बदलल्या आणि तिने दोन पाने भरली, एवढेच घडले. मग माझ्या आईला जे वाटत होते ते मी तिला वाटायला लावले, यात काही फसवणूक आहे का, असे मी त्या रात्री स्वतःला विचारत राहिले. पण तिच्यापासून काही लपवलेले नव्हते. कोणता दोरा कुठे जातो, दहा लाखांचा तो रेझिस्टर कुठे बसतो, पाखरू क्षणभर का थबकते, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. निम्म्या वाटा तर तिने स्वतः शिवल्या होत्या. तरीही जाताना तिने ते टेबलावर ठेवले नाही. "याला मी घेऊन जाऊ का?" असे विचारले, आणि मी होकार देण्याआधीच रुमालात गुंडाळले.

पुढे बरेच महिने आमच्यात त्या पाखराचा विषय निघाला नाही. फोनवर मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. माझा असा समज झाला होता की ते कुठल्यातरी कपाटात, इतर जपून ठेवलेल्या गोष्टींबरोबर असेल, आणि तसे असते तरी मला चालले असते. मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा ते तिच्या उशीशेजारी दिसले. पंखांच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या, भरलेल्या पानांवरची चमक जाऊन त्यांना एक धूसर झाक आली होती. मी ते उचलून सवयीने पालथे केले. सेलच्या खिशाची शिवण आमच्या त्या दुपारची नव्हती. दोरा निराळ्या रंगाचा होता, टाका तोच, आईचा, बारीक आणि एकसारखा. तिच्या शेजारी आधीच्या शिवणीची भोके राहिली होती, आणि ती जरा निरखून पाहिली तेव्हा दिसले की ती एका ओळीची नव्हती. भोकांच्या दोन ओळी होत्या, एकमेकींना अगदी लागून. मी बोटाने दोनदा मोजल्या. मग पाखरू होते तसे उशीशेजारी ठेवले.